शेणाचा गॅस आणि सरकारी अनुदान : कोकणातल्या गोठ्यांतून विचारले जाणारे प्रश्न

आमच्या घरी, कुडाळ तालुक्यातल्या एका वाडीत, रोज २ घनमीटर गॅसच्या मापाचा दीनबंधू गोबर गॅस (जमिनीत बांधलेला पक्का घुमट) गेली अकरा वर्षं चालू आहे. शेण कालवायचं काम माझ्याकडे. आजूबाजूच्या वाड्यांतल्या लोकांना अर्ज भरायलाही मी मदत करते. सकाळी डेअरीवर दूध घालायला गेलं की रांगेत हेच प्रश्न निघतात, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवते आहे.

माझं एक मत आधीच सांगते, कारण ते पुढच्या बहुतेक उत्तरांत येईल. सरकारचा पैसा घुमट बांधून झाला की मिळतो, शेगडी मात्र रोज सकाळी पेटावी लागते. अनुदानाचा आकडा बघून प्लांट बांधलेल्यांचे प्लांट बंद पडलेले मी पाहिलेत. गोठ्यातलं शेण मोजून बांधलेल्यांचे चालू आहेत.

शेणापासून गॅस करणाऱ्याला सरकार नक्की कोणकोणती मदत देतं?

तीन वेगवेगळ्या पातळ्या आहेत, आणि लोक त्या एकमेकींत मिसळतात.

पहिली घरगुती. केंद्राच्या नवीन आणि नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाचा राष्ट्रीय जैवऊर्जा कार्यक्रम नोव्हेंबर २०२२ मध्ये जाहीर झाला. २०२१-२२ ते २०२५-२६ या काळासाठी पहिल्या टप्प्यात ८५८ कोटी रुपयांची तरतूद झाली, त्यातले १०० कोटी बायोगॅससाठी. १ ते २५ घनमीटरच्या प्लांटला आकारानुसार ठरावीक रक्कम मिळते. आपल्यासारख्यांच्या कामाची हीच.

दुसरी गावाची. स्वच्छ भारत मिशन ग्रामीणमध्ये २०१८ साली गोबरधन ही शेण-कचऱ्यासाठीची योजना सुरू झाली. मिशनच्या दुसऱ्या टप्प्यात एका जिल्ह्याला ५० लाख रुपयांपर्यंत सामूहिक प्रकल्पासाठी देता येतील असं ठरलं.

तिसरी कारखान्याची. गॅस शुद्ध करून, दाबून, सीएनजीसारखा विकायचा. १ ऑक्टोबर २०१८ ला सुरू झालेली ‘सतत’ योजना त्यासाठीच. तिथे तेल कंपन्या गॅस विकत घेतात आणि आकडे कोटींत असतात. डेअरीच्या रांगेत कोणी “सरकार गोबर गॅसला कोटी रुपये देतं” म्हणालं तर तो या तिसऱ्या पातळीबद्दल बोलतोय, आपल्या परसाबद्दल नाही.

२ घनमीटरला किती पैसे मिळतात?

या कार्यक्रमात सर्वसाधारण गटाला १ घनमीटरसाठी ९,८०० रुपये, २ ते ४ घनमीटरसाठी १४,३५० रुपये आणि ६ घनमीटरसाठी २२,७५० रुपये असा दर ठरला. अनुसूचित जाती-जमातीच्या कुटुंबांना हेच आकडे अनुक्रमे १७,०००, २२,००० आणि २९,२५० रुपये. संडास जोडला तर १,६०० रुपये जास्त.

२०२५-२६ हे त्या मंजुरीचं शेवटचं वर्ष. म्हणून अर्ज देण्याआधी चालू वर्षाचा दर आणि आपल्या तालुक्याचं उद्दिष्ट पंचायत समितीच्या कृषी विभागात विचारून घ्या. उद्दिष्ट हा शब्द लक्षात ठेवा. तालुक्याला ठरावीक प्लांट वाटून येतात, ते संपले की पुढच्या वर्षाची वाट बघावी लागते.

काही जिल्हा परिषदा स्वतःच्या सेस फंडातून वर थोडी भर घालतात. ती दर वर्षी असेलच असं नाही. एवढं सगळं धरूनही खर्चाचा अर्ध्याहून मोठा वाटा घरूनच जातो, असं समजून तयारी करा.

२ आणि ४ घनमीटरला रक्कम सारखीच असेल, तर २ चाच बांधावा की मोठा?

शेणाला विचारा. बाकी कोणाला विचारू नका.

१ घनमीटर गॅसला रोज साधारण २५ किलो ताजं शेण लागतं आणि तेवढंच पाणी. २ घनमीटरला ५० किलो. कागदावर हे चार-पाच जनावरांचं शेण दाखवतात, पण तो हिशेब घाटावरच्या, बांधून खाणाऱ्या मोठ्या गुरांचा. आपली कोकण कपिला गाय लहानखुरी. डोंगर चढणारी, पावसात टिकणारी, थोड्या चाऱ्यावर भागवणारी. ती राष्ट्रीय पातळीवर स्वतंत्र जात म्हणून नोंदली गेली याचा मला मनापासून आनंद झाला होता. पण तिचं दूध जसं बेताचं, तसं शेणही बेताचंच.

आमच्या गोठ्यात मी एकदा आठवडाभर रोज घमेलं वजनकाट्यावर ठेवून बघितलं. रात्री गोठ्यात पडलेलं शेण कपिलेमागे ४-५ किलो भरलं, जर्सीमागे आणि म्हशीमागे १० किलोच्या आसपास. दोन म्हशी, एक जर्सी आणि चार कपिला मिळून ५० किलोच्या जवळ जातं, म्हणून आमचा २ घनमीटरचा चालतो. यातली एक म्हैस विकली असती तर सकाळचा चहा आणि भात झाला असता, संध्याकाळची भाकरी चुलीवर गेली असती.

तुमच्याकडे एक म्हैस आणि तीन कपिला असतील तर १ घनमीटर बांधा आणि समाधानात राहा. मोठ्या टाकीत कमी शेण पडलं तर घुमटात दाब बसत नाही, शेगडी फुरफुरते, घरातली बाई दोन महिन्यांत कंटाळते. लहान टाकी पोटभर जेवली तर निळी, सरळ ज्योत देते. अर्ज भरताना कोणी “मोठाच टाका, पैसे तेवढेच” असा सल्ला दिला तर आधी आठवडाभर घमेलं वजन करा आणि मग त्याला उत्तर द्या.

“गुरां दिसभर रानात, शेण खयसून हाडूचा?”

शेण कुठून आणायचं, हा प्रश्न मला एका आजींनी विचारला होता. कोकणातल्या बायोगॅसचं खरं दुखणं यात आहे. शेण आहे, पण ते डोंगरावर आहे.

त्यावर दोनच उपाय मी पाहिलेत. एक म्हणजे दुभती आणि गाभण जनावरं तरी अर्धा दिवस बांधून खायला घालायची. भाताचा पेंढा घरचा असतो, हिरव्या चाऱ्याचा एक तुकडा विहिरीच्या पाण्यावर करता येतो. दुसरा उपाय म्हणजे गोठ्याची जमीन पक्की करायची. मातीच्या जमिनीवरचं निम्मं शेण चिखलात जातं आणि जे उचललं जातं त्यात माती येते. ती माती टाकीच्या तळाशी बसते आणि काही वर्षांनी टाकीची जागाच खाते.

२०२१ मध्ये सुरू झालेल्या शरद पवार ग्रामसमृद्धी योजनेत, रोजगार हमीच्या जोडीने, २ ते ६ गुरांच्या पक्क्या गोठ्याला ७७,१८८ रुपये धरले होते. माझ्या मते कोकणात बायोगॅसचं पहिलं अनुदान हेच. आधी गोठ्याची जमीन, मग गॅसची टाकी. पण या दोन योजना दोन वेगळ्या टेबलांवर असतात आणि एक टेबल दुसऱ्याची आठवण करून देत नाही. ती आठवण आपणच ठेवायची.

अर्ज कुठे करायचा, कागद कोणते?

पंचायत समितीचा कृषी विभाग, म्हणजे जिल्हा परिषदेचे कृषी अधिकारी. आधार, बँकेचं पासबुक, जागेचा सातबारा किंवा घराचा आठ-अ, जातीच्या वाढीव दरासाठी जातीचा दाखला, बांधकामाचे आणि घरमालकाबरोबरचे फोटो. सातबारावर आजोबांचं नाव आणि वारस मुंबईत, ही आपल्याकडची नेहमीची अडचण. संमतीपत्र गणपतीत चाकरमानी घरी आले असताना करून घ्या, नाहीतर ते पुढच्या मे महिन्यावर जातं.

पैसे बांधकामाआधी मिळतात की नंतर?

नंतर. प्लांट पूर्ण, शेण भरलेलं, गॅस पेटलेला, फोटो आणि तपासणी झालेली, मग खात्यात.

आमचं अनुदान यायला चौदा महिने लागले. घुमट जानेवारीत पूर्ण झाला आणि रक्कम त्याच्या पुढच्या वर्षीच्या मार्चमध्ये जमा झाली. दरम्यान गवंड्याचे पैसे द्यायला माझ्या सासूबाईंनी त्यांच्या पाटल्या गहाण ठेवल्या होत्या. ते त्यांनी मला सांगितलंही नव्हतं. हात रिकामा दिसला तेव्हा मला कळलं. ज्या घरात गहाण ठेवायला काही नाही, त्या घराला हे अनुदान पोचतच नाही, हे मला त्या दिवशी समजलं. गरिबाला परवडावं म्हणून दिलेली रक्कम जर गरिबाने आधी खर्च करून मग मिळवायची असेल, तर रचनेतच चूक आहे. निम्मी रक्कम पाया घातल्यावर आणि उरलेली गॅस पेटल्यावर द्यायला काय हरकत आहे? ही मागणी आम्ही ग्रामसभेच्या ठरावात घातली आहे. तुम्हीही घाला.

तोवरचा मार्ग म्हणजे बचत गटाचं अंतर्गत कर्ज. आमच्या गटाने नंतरच्या तीन प्लांटना तसंच उभं केलं.

कातळावर खड्डा कसा खणायचा? आणि पावसाचं पाणी?

जांभा लागला तर खड्ड्याचा खर्च घुमटाच्या खर्चाला गाठतो. अशा जागी दीनबंधूचा हट्ट धरू नका. फायबरची तयार टाकी किंवा जमिनीवर ठेवायची जाड पिशवीची टाकी, मान्यताप्राप्त नमुन्यातली असेल तर, चालते. पिशवीला उंदीर, गुरांची शिंगं आणि ऊन या तिन्हींपासून जपावं लागतं. नारळाच्या झावळ्यांचा मांडव करा.

सखल जागी उलटा त्रास. पावसात विहिरी काठोकाठ भरतात, तसं जमिनीतलं पाणी टाकीला खालून रेटतं. म्हणून भाताच्या कोपऱ्याजवळची किंवा व्हाळाकाठची (ओढ्याकाठची) जागा नको. परसातला उंचवटा शोधा, स्वयंपाकघराच्या शक्य तितका जवळ, पिण्याच्या विहिरीपासून किमान १०-१५ मीटर दूर. बांधकाम दिवाळीनंतर सुरू करून एप्रिलपर्यंत संपवा.

पावसाळ्यात गॅस कमी येतो, याला घाबरू नका. गारव्यात जिवाणू मंदावतात. पण आपल्याकडे त्याहून मोठं कारण वेगळंच असतं. पागोळ्यांचं पाणी कालवण्याच्या टाकीत पडतं आणि शेण पातळ होऊन, न पचताच पलीकडून बाहेर पडतं. टाकीवर एक पत्रा टाकला की निम्मा प्रश्न सुटतो. दुसरं, पाइपात वाफेचं पाणी साचतं. ज्योत उडी मारल्यासारखी लुकलुकायला लागली की समजायचं पाइपाच्या सखल भागात पाणी अडलंय. तिथला कॉक उघडायचा, कपभर पाणी निघतं, ज्योत पुन्हा सरळ. श्रावणात मी हे दर चार दिवसांनी करते. ज्यांच्या गवंड्याने पाणी काढायचा कॉकच बसवला नाही त्यांचे प्लांट पहिल्या पावसात ‘बिघडले’. प्रत्यक्षात बिघाड कपभर पाण्याचा होता.

बांधणाऱ्या संस्थेकडून पाच वर्षांची देखभालीची हमी लेखी घ्या. अनुदानाबरोबर ती अपेक्षितच असते, पण मागितल्याशिवाय कोणी कागद देत नाही.

सिलिंडर किती वाचतो? उज्ज्वलाचं कनेक्शन परत करावं लागतं का?

१ घनमीटर बायोगॅस म्हणजे सुमारे ०.४३ किलो सिलिंडरचा गॅस. २ घनमीटर रोज पूर्ण मिळाला तर महिन्याला २६ किलोच्या आसपास, म्हणजे जवळजवळ दोन सिलिंडर. हे पूर्ण भरल्या पोटाचं गणित. आमच्याकडे उन्हाळ्यात दीड आणि पावसाळ्यात जेमतेम एक सिलिंडर एवढाच वाचतो. मला तोही पुरतो, कारण खरी बचत लाकडाची आहे. पूर्वी मी आणि जाऊबाई एप्रिल-मे मध्ये डोंगरावरून भारे आणायचो, आगोटीच्या, म्हणजे पाऊस सुरू व्हायच्या, आधी पडवी भरून ठेवायचो. ते दोन महिने आता काजू-बियांच्या कामाला मिळतात.

कनेक्शन परत करू नका. घरात लग्न निघालं, गणपतीत पंधरा माणसं आली, तर सिलिंडर लागतोच.

सगळं शेण टाकीत गेलं तर शेतीला काय? तरवा कशाने भाजायचा?

शेण संपत नाही. जेवढं घालतो जवळजवळ तेवढंच पलीकडून मळी होऊन निघतं. गॅस होतो तो कर्बाचा काही भाग, नत्र बहुतेक सगळं मळीतच राहतं. उघड्या उकिरड्यावर आपल्या पावसात जे होतं ते आठवा. जून ते सप्टेंबर ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, खताचा काळा रस वाहून व्हाळाला लागतो, आणि दिवाळीला आपण जे ‘खत’ कलमांना घालतो त्यात राहतं काय? मळीला वास कमी, माश्या कमी, तणाचं बीही बरंचसं मेलेलं असतं.

तरव्याच्या, म्हणजे भाताच्या रोपांच्या जागेच्या, भाजणीला सुकं शेण, पातेरा (वाळका पाला), कवळ (झाडांच्या तोडलेल्या डहाळ्या) लागतं हे खरं. कोरड्या दिवसांतलं थोडं शेण त्यासाठी बाजूला ठेवावं लागेल. मी मात्र चार वर्षं भाजणी बंद केली आहे आणि गादीवाफ्यावर मळी घालून रोप करते. तण जरा जास्त येतं, एक खुरपणी वाढते.

मळीचं सांभाळणं मात्र शिकावं लागतं. पातळ असल्यामुळे ती टोपलीत नेता येत नाही. मी दोन खड्डे केलेत, वर छप्पर. आंब्या-काजूचा पातेरा आत पसरते आणि मळी त्यावर सोडते. पातेरा ती पिऊन घेतो, दोन-अडीच महिन्यांत भुसभुशीत खत होतं, डोक्यावरून कलमांपर्यंत नेता येतं. माड-पोफळीला तर पाटाच्या पाण्याबरोबर थेट सोडता येते. बागेत पातेरा जाळायचा बंद झाला, ही त्यातली मला सर्वात आवडती गोष्ट.

सेंद्रिय खताला टनामागे १,५०० रुपये मिळतात म्हणे. आमच्या मळीला मिळतील?

नाही. जून २०२३ मध्ये केंद्राने मंजूर केलेली ही बाजार विकास मदत आहे, १,४५१.८४ कोटींची. गोबरधनखाली नोंदलेल्या प्रकल्पांनी तयार केलेलं, खत नियंत्रण आदेशाच्या मापात बसणारं खत विकलं तर ती मिळते. परसातल्या खड्ड्याला नाही.

मला हे खटकतं. मळीला किंमत आहे हे सरकारने मान्य केलं, पण कारखान्याच्या दारातच. गुजरातेत राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने आणंदजवळ झकरियापुऱ्यात वेगळी वाट दाखवली आहे. प्रत्येक घराला छोटा प्लांट, गॅस घरात, आणि जास्तीची मळी सहकारी पद्धतीने गोळा करून, तिचा कस बघून, विकत घ्यायची. पुढे २०२२ मध्ये मंडळाने शेणाच्या व्यवसायासाठी एनडीडीबी मृदा ही कंपनी काढली. कोकणात आंबा-काजूच्या बागांना खत बाहेरून ट्रकने येतं आणि गोठ्यामागे मळी ओघळते. डेअरीने दुधाच्या कॅनबरोबर मळीचाही हिशेब ठेवला तर प्लांट बंद पडू देणं कोणालाच परवडणार नाही.

आमच्या गावाने मिळून एकच मोठा प्लांट बांधला तर?

वाडी सलग असेल, गोठे एकमेकांना लागून असतील, आणि शेण गोळा करणाऱ्याचा पगार कुठून येणार हे ठरलं असेल तरच. आपल्या वाड्या डोंगरउतारावर विखुरलेल्या. रोज चाळीस घरांतून शेण उचलायला गाडी, माणूस, डिझेल लागतं, आणि पन्नास लाख त्याला पुरत नाहीत, ते बांधकामात जातात. माझं मत : विखुरलेल्या वाडीत दहा घरांत दहा लहान प्लांट आणि सगळ्यांत मिळून एक शिकलेला गवंडी. उत्तरेला पालघरकडे जिथे तबेले मोठे आहेत, तिथे मोठ्या प्लांटचा विचार शोभतो. तिथे शेण एका छपराखाली पडतं.

मग कोकणात शेणापासून सीएनजीचा कारखाना होईल का?

हिशेब करून बघू. जैवऊर्जा कार्यक्रमात नवीन प्लांटला रोजच्या ४,८०० किलो दाबलेल्या गॅसमागे ४ कोटी रुपये मदत ठरली, एका प्रकल्पाला कमाल १० कोटी. ४,८०० किलोला १२,००० घनमीटर कच्चा गॅस लागतो. किलोभर शेणाला ४० लिटर गॅस धरला तर रोज ३०० टन शेण. आपल्या कपिलेचं हाती लागणारं ५ किलो धरा : साठ हजार गाई, रोज, न चुकता. बनासकांठ्यात बनास डेअरीने डीशाजवळ दामा इथे शेणाचा सीएनजी पंप चालवून दाखवला आहे, पण त्या जिल्ह्याचं दूध आणि आपलं दूध यांची तुलना होत नाही. इथे असा कारखाना झालाच तर तो मासळीबाजाराचा, हॉटेलांचा आणि शहरांचा ओला कचरा धरूनच होईल.

२०२५-२६ पासून शहर गॅस कंपन्यांना सीएनजी आणि घरगुती पाइप गॅसमध्ये १ टक्का बायोगॅस मिसळायचं बंधन ठरलं आहे, २०२८-२९ पासून ५ टक्के. चांगलं धोरण आहे. पण त्याचा पैसा जिथे शेणाचे ढीग आहेत तिथे जाईल.

अमेरिकेत म्हणे दुधापेक्षा शेणाला भाव मिळतो. आपल्याकडे तसं का नाही?

हा प्रश्न माझ्या पुतण्याने मोबाइलवर काहीतरी बघून विचारला. बरंच वाचून मला जे कळलं ते असं.

कॅलिफोर्नियात हजारो गाईंचे गोठे असतात. शेण पाण्याने धुऊन उघड्या तळ्यात साठवतात. त्या तळ्यात हवा पोचत नाही, म्हणून मिथेन तयार होऊन वर जातो. हा वायू शंभर वर्षांच्या मापाने कार्बन डायऑक्साइडच्या २७-२८ पट उष्णता धरतो. तिथल्या २०१६ च्या कायद्याने डेअरीचा मिथेन २०१३ च्या तुलनेत २०३० पर्यंत ४० टक्क्यांनी कमी करायचं लक्ष्य ठेवलं. तळं झाकून गॅस पकडला आणि वाहनांना दिला की इंधनाच्या कार्बन बाजारात त्याला विकता येणारं श्रेय, म्हणजे कार्बन क्रेडिट, मिळतं, आणि ते शेणाच्या गॅसला सर्वात जास्त असतं, कारण हवेत जाणारा मिथेन अडवल्याचंही मोजलं जातं. यावर तिथेच टीका होते : मोठ्या गोठ्यांना अजून मोठं व्हायचं कारण मिळतं, लहान दूधवाल्याला काही नाही.

आपलं शेण तळ्यात साठत नाही. उकिरड्यावर हवा लागते, अंगणात सारवतो, शेणी थापतो. त्यामुळे आपण अडवलेला मिथेन जनावरामागे कमीच. आपली खरी कमाई वाचलेल्या लाकडाची आणि धुराची आहे.

जर्मनीची गोष्ट मला जास्त शिकवून गेली. तिथे २००० सालच्या कायद्याने बायोगॅसच्या विजेला वीस वर्षं ठरलेला दर दिला आणि २००९ पासून शेण वापरणाऱ्याला युनिटमागे जास्तीचा भाव. म्हणजे पैसा टाकीला नाही, रोज निघणाऱ्या युनिटला. आणि इतकं लांब नको असेल तर नेपाळ बघा. १९९२ पासूनच्या तिथल्या कार्यक्रमात घरगुती प्लांटची नमुना तपासणी व्हायची आणि बांधकामात खोट निघाली तर बांधणाऱ्या कंपनीला दंड. डोंगराळ देश, लहान गोठे, आपल्यासारखीच घरं. आपल्याकडेही अनुदानातले दोन-तीन हजार रुपये राखून ठेवून तिसऱ्या वर्षी, शेगडी पेटते का बघून, अर्धे घरातल्या बाईच्या खात्यात आणि अर्धे गवंड्याला द्यावेत. तपासायला काडेपेटी पुरते.

कार्बन क्रेडिटवाली कंपनी स्वस्तात प्लांट देते म्हणते. घ्यावा का?

घ्यायला हरकत नाही, पण करार वाचून. कार्बनचा हक्क कोणाचा, किती वर्षं, मध्येच म्हैस विकली तर काय, दुरुस्ती कोण करणार, आणि तोच प्लांट सरकारी अनुदानात दाखवता येतो का, हे पाच प्रश्न लेखी विचारा. मराठीत करार देत नसतील तर सही करू नका.

कर्ज, कर वगैरे?

२२ सप्टेंबर २०२५ पासून बायोगॅस प्लांटवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. कोटेशन जुन्या दराचं तर नाही ना, ते बघा. मोठा गोठा करणाऱ्यांसाठी केंद्राच्या पशुसंवर्धन पायाभूत विकास निधीत, २०२४ च्या वाढीव स्वरूपात, शेण-कचऱ्याच्या प्रकल्पांच्या कर्जालाही ३ टक्के व्याजसवलत ठरली. दोन-चार गुरांवाल्याला त्याचा उपयोग नाही.

धोका असतो का?

टाकीच्या तोंडाशी कधीही काडी ओढू नका. पहिला गॅस हवेत सोडून द्या, मग शेगडीवरच पेटवून बघा. आणि टाकीत कोणीही उतरू नका, रिकामी दिसली तरी. आत प्राणवायू नसतो, माणूस ओरडायच्या आत पडतो आणि वाचवायला गेलेला दुसराही. आधी पूर्ण उपसून, झाकणं दोन्हीकडून उघडी ठेवून, कित्येक दिवस वारं लागू द्या, आणि काम जाणकारालाच सांगा.

परसात आजोबांच्या वेळचा लोखंडी ड्रमचा प्लांट बंद पडलाय. तो पुन्हा चालेल का?

बहुतेक चालतो. खादी आयोगाने साठच्या दशकाच्या सुरुवातीला तरंगत्या ड्रमचा नमुना गावोगाव नेला आणि १९८१-८२ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात असे खूप बांधले गेले. आपल्या खाऱ्या हवेने ड्रम खाल्ले, चिऱ्याची विहीर मात्र जशीच्या तशी असते. चिरा ठोकून बघा, भेगा सिमेंटने भरा, ड्रम भंगारात द्या आणि त्याच मापाचा फायबरचा ड्रम बसवा. दुरुस्तीला अनुदान मिळतं का ते पंचायत समितीत वेगळं विचारा. दराच्या तक्त्यात आकडे नव्या प्लांटचेच असतात.

पहिल्या भरणीला २ घनमीटरच्या टाकीत जवळजवळ दोन टन शेण लागतं, तेवढंच पाणी. चाळीस दिवसांचं शेण एकदम कुठून आणणार? शेजाऱ्यांना सांगून ठेवा, आठ-दहा घरांतून घमेली जमा करा, आणि कोणाच्या चालू प्लांटची चार बादल्या मळी विरजणासारखी आत घाला. दोन-तीन आठवड्यांत दाब चढतो. भरणी एप्रिलमध्ये करा, म्हणजे मिरग लागायच्या आत शेगडी पेटलेली असेल आणि त्या पावसाळ्यापुरतं पडवीत थोडंच लाकूड भरावं लागेल.